दहाव्या दिवशी टाके कोण काढणार?

प्रश्न नाशिकमधल्या शरणपूरच्या एका स्टाफ नर्सचा आहे. वय २७, चार वर्षं ओटीचा (ऑपरेशन थिएटरचा) अनुभव. तिच्या चर्चच्या मंडळीतल्या डॉक्टर-नर्सेसचा गट १२ दिवसांसाठी पश्चिम केनियात, व्हिक्टोरिया सरोवराजवळच्या एका मिशन रुग्णालयात शस्त्रक्रियांच्या शिबिराला निघाला आहे. हर्निया, हायड्रोसील, गलगंड, दुभंगलेले ओठ, अशा ८० केसेस करायचा बेत आहे. माणशी ९५ हजार रुपये स्वतःचे घालायचे, रजा बिनपगारी. ती लिहिते, "सर, देवाच्या कामाला नाही कसं म्हणू? पण आई म्हणते, एवढ्या पैशांत आपल्या आदिवासी सुरगाणा तालुक्यात कितीतरी होईल. जाऊ का? आणि गेले तर तयारी काय करू?"

तुझ्या आईला मी ओळखतो. रात्री अडीच वाजता सीझरची ट्रॉली लावून 'डॉक्टर, तुमचंच राहिलंय' म्हणणारी सिस्टर. भूल देण्यातल्या निम्म्या सवयी मला तिच्या धाकाने लागल्या. तेव्हा तुला अहो-जाहो करायचं माझ्याने व्हायचं नाही.

आईचं म्हणणं खरं आहे, आणि तरीही मी जा म्हणेन. फक्त पैसे भरायच्या आधी एक फोन कर. गटप्रमुखांना नको, तिथल्या रुग्णालयाच्या मेट्रनला, म्हणजे मुख्य सिस्टरला कर. आणि एवढंच विचार की तुम्ही परत निघाल्यावर दहाव्या दिवशी टाके कोण काढणार? उत्तरात एखाद्या माणसाचं नाव आलं, म्हणजे अमुक क्लिनिकल ऑफिसर (तिथे डॉक्टरच्या जागी पेशंट बघणारा), तमुक सिस्टर, मंगळवारची ओपीडी, तर डोळे मिटून जा. 'होईल काहीतरी' असं उत्तर आलं तर तुझे ९५ हजार सुरगाण्यालाच दे.

मी हे पुस्तकातून सांगत नाही. मी भूलतज्ज्ञ, ख्रिस्ती नव्हे, सिन्नरकडच्या माळकरी घरातला. एका सर्जन मित्राच्या आग्रहाने मिशनवाल्यांबरोबर चार वेळा पूर्व आफ्रिकेत गेलो. पहिल्या खेपेला आमच्या सर्जनने एका बाईचा मोठा गलगंड काढला. वाटीएवढी गाठ, गळ्यावर कित्येक वर्षं. अख्खी थायरॉइड काढली, रक्त जेमतेम गेलं, आवाजाच्या नसेला धक्का नाही. सगळ्यांनी तिच्याबरोबर फोटो काढले. पुढच्या वर्षी मी गेलो तेव्हा तिथल्या क्लिनिकल ऑफिसरने मला तिचं कार्ड दाखवलं. अख्खी थायरॉइड काढली की थायरॉक्सिनची गोळी रोज, जन्मभर. आम्ही तीन महिन्यांच्या दिल्या होत्या. पुढच्या गोळ्या घ्यायला तिला बसने जिल्ह्याच्या गावी जावं लागे आणि बसभाड्याला पैसे नव्हते. ती सुजलेली, गुंगीत, थंडगार पडलेली अशी दाखल झाली होती. वाचली, ती त्या क्लिनिकल ऑफिसरमुळे. आम्ही आमच्या अहवालात तिची केस 'यशस्वी' म्हणून लिहिली होती.

त्यानंतर आमच्या गटाने अशा गावांत अख्खी थायरॉइड काढणं बंद केलं. एका बाजूची काढून भागत असेल तरच हात घालायचा. तुझ्या गटाच्या यादीत गलगंड आहे म्हणून हे लांबण लावलं. हा प्रश्न तू सर्जनला विचारू शकतेस. नर्सने विचारायचा नाही असं कुठेही लिहिलेलं नाही. आणि गलगंड केलाच, तर पहिले २४ तास पेशंटच्या उशाशी टाके उघडायचा ट्रे ठेव. गळ्यात रक्त साचून श्वास कोंडला तर ओटीत न्यायला वेळ नसतो, खाटेवरच टाके सोडावे लागतात. रात्रीच्या स्थानिक सिस्टरला हे हात धरून दाखव. पुढचे दोन-तीन दिवस ओठांभोवती, बोटांत मुंग्या येतात का विचारत राहा, कॅल्शियम उतरल्याची ती पहिली खूण.

मेट्रनला दुसरं विचार की तुम्ही येणार म्हणून त्यांची स्वतःची ऑपरेशनची लिस्ट बंद राहणार आहे का? हे पाहुण्यांच्या लक्षातच येत नाही. रुग्णालयात ओटी एक किंवा दोन. आपण जातो, बारा दिवस टेबल अडवतो, त्यांचे ऑटोक्लेव्ह (वाफेने निर्जंतुक करायचं यंत्र), त्यांचा ऑक्सिजन, त्यांच्या सिस्टर सगळे आपल्या दिमतीला. एकदा आमचा हर्निया टेबलावर आणि बाहेर ट्रॉलीवर अडलेली बाई, बाळाचे ठोके पडताहेत. बाळ वाचलं, पण त्या २५ मिनिटांत तिथल्या मेट्रनने माझ्याकडे ज्या नजरेने पाहिलं ती मी विसरलेलो नाही. एक टेबल इमर्जन्सीसाठी मोकळं राहील, हे जाण्याआधी ठरवून घ्या.

आता तुझ्या कामाचं. इथे तू जे करत नाहीस ते तिथे करायचं नाही. 'आफ्रिकेत चालतं' हे वाक्य तुला पहिल्याच दिवशी ऐकू येईल. कोणी म्हणेल, सिस्टर, त्वचेचे टाके तुम्हीच घ्या, कोणी म्हणेल, स्पायनल (पाठीतून द्यायची भूल) देऊन बघा. नाही म्हण. तुझ्या नोंदणीचं आधी बघ. महाराष्ट्र नर्सिंग कौन्सिलची नोंदणी तिथे आपोआप चालत नाही. तिथल्या नर्सिंग कौन्सिलची तात्पुरती परवानगी लागते, डॉक्टरांना त्यांच्या वेगळ्या कौन्सिलची. केनियात २०२४ पासून व्हिसाऐवजी ऑनलाइन प्रवासपरवाना असतो, तोही काम करायला जातो हे सांगूनच काढायचा. 'फिरायला चाललो म्हणून लिहा, लवकर होतं' असं सांगणारा गट पुढे आणखी कुठे कुठे कोपरे कापेल, याचा अंदाज तुझा तू कर.

तू खरी कामाला येशील ती मोजणीत आणि निर्जंतुकीकरणात. ऑटोक्लेव्ह बहुधा प्रेशर कुकरचा थोरला भाऊ असेल, गॅसवर नाहीतर स्टोव्हवर चालणारा. १२१ अंश, १५ पौंड दाब, गुंडाळलेल्या सामानाला ३० मिनिटं हे तुला पाठ आहे, पण तिथे घड्याळ कधी लावायचं यावर वाद होतो. दाब चढल्यावर, आधी नाही. ड्रम गच्च भरू नका, कपडा ओला बाहेर आला तर तो निर्जंतुक नाही. इंडिकेटर टेप इथून ने, वजनाला काही नसते. मॉपची (रक्त टिपायच्या कापडांची) मोजणी फळ्यावर लिहायची, दोघींनी, मोठ्याने. जागतिक आरोग्य संघटनेची सर्जिकल चेकलिस्ट २००८ साली आली. दिल्लीपासून टांझानियातल्या इफाकारापर्यंत आठ ठिकाणच्या रुग्णालयांत ती वापरून पाहिली, तेव्हा शस्त्रक्रियेनंतरचे मृत्यू १.५ टक्क्यावरून ०.८ टक्क्यावर आले. एक कागद आणि दोन मिनिटं. आपल्याकडे पुष्कळ ठिकाणी ती केस संपल्यावर टिकमार्क करून फाइलला लावतात, हे तुला मी काय सांगू! तिथे तरी खरी वाच.

माझ्या टेबलाकडच्या बाजूचं थोडं. सिलिंडरऐवजी ऑक्सिजन काँसन्ट्रेटर असेल, वीज गेली की तो गेला. म्हणून प्रत्येक टेबलापाशी अंबू बॅग (हाताने दाबून श्वास द्यायची पिशवी) हाताला लागेल अशी, आणि सक्शन पायाने चालणारं. हॅलोथेन हे भुलीचं जुनं औषध आपल्याकडून जवळपास गेलं, तिथे भेटू शकतं. मोठ्या माणसांचे हर्निया-हायड्रोसील स्पायनलखाली होतील, पोरांना केटामाईनची भूल. केटामाईनमधून उठणारं पोर भेलकांडतं, भलतंच बघतं, किंचाळतं. त्याला उजेडात, गोंगाटात ठेवू नका आणि त्याच्या आईला आधी सांगून ठेवा.

उपाशी ठेवणं हा तिथला खरा डोंगर. आपले 'सहा तास काही नको' हे शब्द तीन भाषांतून जातात, इंग्रजी, स्वाहिली, मग लुओ. एका ओठाच्या पोराला आम्ही टेबलावर घेतलं आणि आजीच्या पदराला सांडलेलं दिसलं. तिने पहाटे उजी पाजली होती. उजी म्हणजे पातळ पेज. पोर रात्रभर रडत होतं, आणि उजी तिच्या हिशेबी जेवण नव्हतंच. आपल्या आज्या 'चहा म्हणजे काही खाणं नव्हे' म्हणतात तसंच. (चहाला तिथेही चाय म्हणतात, चपातीला चपाती. पहिल्या दिवशी तेवढाच आधार वाटतो.) तेव्हा 'उपाशी आहे ना?' असं विचारू नकोस, सगळे हो म्हणतात. 'आज काय काय पोटात गेलं?' असं विचार. स्वाहिलीत 'उमेकुला निनी लेओ?' एवढं पाठ कर. आणि 'पोले' हा शब्द. कोणाला दुखलं, ठेच लागली, नुसतं थकलं तरी पोले म्हणतात. सुई टोचण्याआधी तू पोले म्हणालीस की निम्मं काम झालं.

सिकल सेलचं, म्हणजे तांबड्या पेशी कोयत्यासारख्या वाकणाऱ्या आनुवंशिक आजाराचं, विसरू नकोस. त्या सरोवराच्या पट्ट्यात तो भरपूर आहे. तू सुरगाणा-पेठकडचा पेशंट आला की सिकल विचारतेस ना, तीच सवय. पोराला थंडी वाजू देऊ नका, सुकू देऊ नका, ऑक्सिजन पडू देऊ नका. ओटीतला एसी कौतुकाने १८ वर लावणारा कोणीतरी गटात असतोच. नशीब असेल तर तिथे एसी नसेल.

हाच पट्टा केनियात एचआयव्हीचं प्रमाण सर्वाधिक असलेला. घाबरायचं कारण नाही, पण सुई टोचली तर काय करायचं हे विमानात बसण्याआधी ठरलेलं हवं. औषध जितकं लवकर तितकं चांगलं, ७२ तासांच्या आत तर हवंच, आणि २८ दिवस. गोळ्या रुग्णालयात आहेत का, कोणाकडे, कपाटाची किल्ली रात्री कोणाजवळ, एवढं मेट्रनला विचार. हिपॅटायटिस बीच्या तीन सुया झाल्या असतील तरी टायटर, म्हणजे रक्तात संरक्षण किती आलंय ते, तपासून घे, १० च्या वर हवा.

यलो फीव्हरची लस प्रवासाच्या किमान दहा दिवस आधी. पिवळं कार्ड जन्मभर चालतं. पण ते नसेल तर जाताना कमी आणि येताना जास्त त्रास. भारतात उतरल्यावर सहा दिवसांपर्यंत वेगळं ठेवू शकतात. ही लस सरकारने ठरवलेल्या केंद्रांवरच मिळते आणि तारीख आधी घ्यावी लागते. मी मुंबईला जाऊन घेतली होती, एवढ्यासाठी एकदा कसारा घाट उतरलो. मलेरियाची गोळी मात्र रोज. डॉक्सिसायक्लिन दिली तर जाण्याच्या एक-दोन दिवस आधीपासून, आणि परत आल्यावर चार आठवडे. हे चार आठवडे कोणी पूर्ण करत नाही. मी एकदा सोडली, आणि तिसऱ्या आठवड्यात थंडी वाजून जिल्हा रुग्णालयात मित्राकडे स्मिअरला रक्त द्यायला गेलो. फाल्सिपारम, म्हणजे जिवावर बेतणारा मलेरिया निघाला. त्यानंतर शहाणा झालो.

आणि सरोवर कितीही सुंदर दिसलं तरी गोदाघाटावर पाय सोडून बसतो तसं बसायचं नाही. पाण्यातल्या गोगलगायींमधून येणारा बिल्हार्झिया नावाचा जंत कातडीतून शिरतो, कळतही नाही.

आता देवाचं. तू 'देवाचं काम' लिहिलंस म्हणून. आमच्याकडे वारीत लोक वारकऱ्यांचे पाय चेपतात, कोणाचं नाव-गाव विचारत नाहीत, चेपून झालं की पुढचे पाय. माझ्या मनात सेवेचं चित्र ते आहे. मिशनच्या गटात मला आवडलेली गोष्ट म्हणजे सकाळची पहिली केस सुरू होण्याआधीची दोन मिनिटांची प्रार्थना. मी हात जोडून मनात माझं म्हणायचो, कोणी विचारलं नाही. त्या दोन मिनिटांत ओटी शांत होते, माणसं एकमेकांकडे बघतात. भूलतज्ज्ञ म्हणून मला ती चेकलिस्टइतकीच उपयोगी वाटली. न आवडलेलंही सांगतो. हिरवा गाऊन घालून ट्रॉलीवर पडलेल्या, हातात सलाइन लागलेल्या माणसापाशी जाऊन 'तुमच्यासाठी प्रार्थना करू का?' विचारणं. तो नाही म्हणू शकत नाही. त्याला वाटतं, नाही म्हटलं तर ऑपरेशन होणार नाही. हा प्रश्न आदल्या दिवशी, तो कपड्यांत, खुर्चीवर बसलेला असताना, त्याच्या भाषेत, तिथल्याच कोणी विचारला तर गोष्ट वेगळी. आणि लिस्टमध्ये कोण आधी, कोण मागे, हे ठरवणाऱ्याचा त्या प्रश्नाशी संबंध नको. तसंही केनियात बहुसंख्य लोक ख्रिस्तीच आहेत. रविवारी त्यांची गाणी ऐकलीस की कोण कोणाला काय सांगायला आलं होतं असा प्रश्न तुला पडेल.

फोटोंचंही तेच. दुभंगलेल्या ओठाच्या पोराचा आधीचा-नंतरचा फोटो सर्जनच्या नोंदीसाठी, आईच्या परवानगीने. मोबाइलवर, ग्रुपवर नाही. शरणपूरच्या एखाद्या पोराचा असा फोटो कोणी परदेशात फिरवला तर तुझी आई काय म्हणेल, तेवढं मनात ठेव.

तुझ्या शरणपूरचा आणि त्या देशाचा संबंध जुना आहे. गुलामांच्या जहाजांवरून सोडवलेली आफ्रिकन मुलं १९ व्या शतकात शरणपूरच्या मिशनमध्ये वाढली, शिकली. त्यांच्यातला जेकब वेनराइट आफ्रिकेत फिरणाऱ्या मिशनरी डेव्हिड लिव्हिंगस्टनच्या शेवटच्या दिवसांत बरोबर होता. १८७३ मध्ये लिव्हिंगस्टनचं हृदय तिथेच पुरलं, त्या वेळी प्रार्थना यानेच वाचली. १८७५ च्या सुमारास मोम्बासाजवळ फ्रियर टाउन वसलं, ते वसवणारे विल्यम प्राइस आधी शरणपूरचं काम बघत होते, आणि नाशिकहून गेलेली ही माणसं तिथे कामाला आली, कारण ती राहायला गेली होती. मिरजेचे मिशनरी सर्जन वॉनलेस असेच, तीसहून जास्त वर्षं एका जागी. बारा दिवसांच्या पाहुण्याने त्यांच्याशी तुलना करू नये, मीही केलेली नाही. पण बारा दिवसांत करण्यासारखं एक काम असतं, जे राहणार आहेत त्यांच्या हाताशी राहून करणं. तू स्क्रब झालीस तर तुझ्याबरोबर तिथली एक सिस्टर स्क्रब होईल, असं आधीच मागून घे. तिच्याकडून शिकण्यासारखंही खूप निघतं. वीज गेल्यावर टॉर्चवर सीझर पार पाडणाऱ्या बायका आहेत त्या.

आकडा हवा तर २०१५ च्या लॅन्सेट आयोगाने मांडलं की जगातल्या ५०० कोटी माणसांना वेळेवर, परवडणारी, सुरक्षित शस्त्रक्रिया मिळत नाही, आणि वर्षाला १४.३ कोटी जास्त शस्त्रक्रिया व्हायला हव्यात. त्यात तुमच्या ८०. ऐंशीच्या जागी साठ झाल्या आणि दोन स्थानिक सिस्टर गलगंडाची रात्र सांभाळायला तयार झाल्या, तर मी त्याला चांगला दौरा म्हणेन. गटप्रमुख बहुधा म्हणणार नाहीत, त्यांना देणगीदारांना आकडा दाखवायचा असतो. त्यांचीही अडचण मी समजतो.

आईच्या सुरगाण्याबद्दल. 'आपल्याकडे गरज नाही का' हा प्रश्न बरोबर आहे, पण पैशांचा हिशेब तो नव्हे. तू इथे राहिलीस तर ते ९५ हजार सुरगाण्याला जाणार आहेत का? बहुतेक नाही. म्हणून मी उलटं सुचवतो. जाण्याआधी सहा महिन्यांत आपल्या आदिवासी तालुक्यातल्या एखाद्या ग्रामीण रुग्णालयाच्या शिबिरात चार शनिवार काम कर. वीज जाते, भाषा अडते, कोकणा आदिवासींची बोली बोलणारी आजी मान हलवते आणि तिला काही कळलेलं नसतं. तिथे जमलं तर केनियात जमेल. आणि केनियाहून आल्यावर पुन्हा त्याच रुग्णालयात जाशील, हे आईला आत्ताच सांगून टाक.

आपल्याकडचं तिकडे गेल्याचं एक उदाहरण देतो, आईलाही वाचून दाखव. धुळे जिल्ह्यातल्या दोंडाईचाचे सर्जन डॉ. रवींद्रनाथ टोणगावकर यांनी हर्नियाच्या ऑपरेशनात पोटाच्या भिंतीला आधार द्यायला मच्छरदाणीच्या कापडाची जाळी वापरली. कंपनीची जाळी गरिबाला परवडत नव्हती, एवढंच कारण. २००३ मध्ये त्यांनी अनेक सर्जनांच्या केसेस एकत्र करून ते छापलं. पुढे २०१६ मध्ये युगांडात स्वस्त जाळी आणि कंपनीची जाळी यांची रीतसर तुलना झाली, आणि वर्षभराने हर्निया परत येण्याच्या प्रमाणात म्हणण्यासारखा फरक निघाला नाही. एक ताकीद मात्र देऊन ठेवतो. बाजारातून मच्छरदाणी कापून न्यायची नाही. कापड कोणतं, किती तापमानाला निर्जंतुक करायचं याचे नियम आहेत, कीटकनाशक लावलेली तर मुळीच नको. जी जाळी तिथलं रुग्णालय नेहमी वापरतं, तीच तुमच्या सर्जनने वापरावी, म्हणजे पुढे अडचण आली तर ती कशी हाताळायची ते त्यांना माहीत असेल.

बॅग. हेडलाइट टॉर्च, बोटाला लावायचा ऑक्सिमीटर, सुटे सेल, स्वतःचे दोन स्क्रब सूट, ओटीच्या चपला, ओआरएस, तीन खिळ्यांचा चौकोनी प्लग बसेल असं अडॅप्टर. भडंग ने, दहाव्या दिवशी उकडलेल्या मक्याच्या पिठाचा उगाली खाऊन गटातले सगळे तुझ्या खोलीचं दार वाजवतील. रुग्णालयांतून गोळा केलेली औषधं नेऊ नका म्हणून गटाला सांग. एक्स्पायरीला वर्षभर तरी शिल्लक असेल तेच द्यावं असा जागतिक नियम आहे, आणि आपण देतो ती बहुधा आपल्या कपाटातली अडचण असते. केटामाईन, फेन्टानिल, मॉर्फिन 'तुझ्या बॅगेत टाकतो' असं कोणीही, अगदी तुमचे पास्टरही म्हणाले, तरी नाही. ते कागदपत्रांनिशी रुग्णालयाने तिथेच घ्यायचं असतं. विमानतळावर बॅग तुझ्या नावाची असेल.

परत आल्यावर लगेच नाइट लावून घेऊ नकोस. पुढच्या काही महिन्यांत ताप आला तर डॉक्टरने विचारायच्या आधी 'मी केनियाला जाऊन आलेय' हे सांग, नाहीतर नाशिकमध्ये तुला डेंग्यूच्या तपासण्या करत बसवतील.

मेट्रनचा नंबर मिळाला की कळव. पहिला फोन आपण दोघं मिळून करू. इंग्रजी माझी तुझ्याहून वाईट आहे, पण गलगंडाचं विचारायला मला लाज वाटत नाही.